खिडकी ओढली तरी टेबल हलत नाही? आधी हे बघ

भाऊ, रावेरच्या केळी व्यापाऱ्यासाठी काटापट्टीचा प्रोग्राम टीकिंटरमध्ये (पायथनमध्ये खिडक्या-बटणं बनवायचं साधन) करतोयस, झकास! पण प्रोग्रामची खिडकी ओढून मोठी केली तरी आतलं टेबल तेवढंच राहतं म्हणतोस. आता अंदाजाने कोड बदलत बसू नकोस. प्रत्येक फ्रेमला (बटणं, टेबल ठेवायच्या चौकटीला) वेगळा भडक रंग दे आणि खिडकी ओढ. कोण ताणलं जातंय, कोण जागेवर ठाण मांडून बसलंय, लगेच दिसेल. ग्रिडमध्ये (रो-कॉलमची मांडणी) नुसतं स्टिकी, म्हणजे घराच्या कडांना चिकटवणं, पुरत नाही. रो आणि कॉलमला वेट, म्हणजे वाढलेल्या जागेतला वाटा, हवं, तेही बाहेरच्या फ्रेमपासून. नवख्यांचा घोळ बहुतेक इथेच असतो.

- कोडमध्ये रुंदी विचारली तर 1 येतेय? खिडकी अजून मांडलीच गेलेली नाही.
- कॉन्फिगर इव्हेंट (साइज बदलली की येणारी सूचना) मुख्य खिडकीला बांधला की आतल्या बटणांसाठीही येतो. कोणाचा आलाय ते प्रिंट करून बघ. त्याच फंक्शनात साइज बदलू नकोस, तेच फंक्शन पुन्हा पुन्हा चालून गरगर सुरू होते.

डीपीआय (स्क्रीनवरच्या ठिपक्यांची दाटी) वगैरे नंतर. अडलास तर रंगीत फ्रेमचा स्क्रीनशॉट टाक.