इंग्लंडमधले सरकारी कालवे धर्मादाय संस्थेला दिले, म्हणजे विकून टाकले का?

नाही, विकले नाहीत, विश्वस्त म्हणून सांभाळायला सोपवले. २०११च्या ‘पब्लिक बॉडीज ॲक्ट’खाली संसदेच्या मंजुरीने आदेश निघाला आणि जुलै २०१२ मध्ये ‘ब्रिटिश वॉटरवेज’ या सरकारी मंडळाकडचे इंग्लंड-वेल्समधले सुमारे २,००० मैलांचे जलमार्ग ‘कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट’ या धर्मादाय संस्थेकडे गेले. कालवे, लॉकचे (पाण्याची पातळी बदलून नाव वर-खाली नेणाऱ्या कप्प्यांचे) दरवाजे, काठच्या पायवाटा (जिथून पूर्वी घोडे नावा ओढत) हे सगळं ट्रस्टने विश्वस्त म्हणून सांभाळायचं. नाववाल्याच्या रोजच्या जगण्यात फारसा फरक पडला नाही: लायसन्स फी भरायचीच, आणि नाव बांधायला कायमची जागा नसेल तर एका ठिकाणी सलग १४ दिवसांपेक्षा जास्त थांबायचं नाही. हा १९९५च्या कायद्यातला नियम तसाच लागू आहे. खरी मेख पैशात आहे. सरकारी अनुदान १५ वर्षांच्या कराराने बांधलं होतं. २०२७ नंतरच्या दहा वर्षांसाठी सुमारे ४० कोटी पौंड जाहीर झालेत, तेही दरवर्षी घटत जाणारे. बाकीचा पैसा ट्रस्टच्या मालमत्तेचं भाडं, लायसन्स फी आणि देणग्यांतून. मात्र हे सगळीकडे लागू नाही: स्कॉटलंडचे कालवे सरकारीच राहिले, आणि समुद्राची भरती पोचत नाही त्या पट्ट्यातली थेम्स नदीही पर्यावरण खात्याच्या ‘एन्व्हायर्न्मेंट एजन्सी’कडेच आहे.