दोन चाचण्यांनी मुलाला दोन वेगळ्या वाटा सांगितल्या, कोणती खरी मानू?

तुम्ही लिहिलंय की मुलगा दहावीत आहे. मोबाइलवरच्या फुकट व्यक्तिमत्त्व चाचणीत तो 'आयएनएफपी' (चार अक्षरांत सांगितलेला स्वभावाचा एक प्रकार) निघाला, म्हणजे लेखक किंवा समुपदेशक व्हावं. आणि क्लासमध्ये बोटांचे ठसे घेऊन त्याला इंजिनिअरिंग सुचवलं. मी बारा वर्षं शाळेत समुपदेशक आहे. माझं ऐकाल तर या दोन्हींवरून शाखा ठरवू नका.

ठशांचं आधी बोलते. बोटांवरच्या रेषा आईच्या पोटातच तयार होतात हे खरं. पण त्यावरून मुलाला गणित जमेल की चित्रकला, हे कळतं याला शास्त्रीय आधार नाही. मानसोपचारतज्ज्ञांच्या इंडियन सायकियाट्रिक सोसायटीनेही तसं जाहीरपणे सांगितलं आहे. यासाठी हजारो रुपये भरून आलेले पालक भेटतात तेव्हा फार वाईट वाटतं.

चार अक्षरांच्या चाचणीचं मूळ मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांच्या 1921 च्या पुस्तकात आहे; त्यावरून कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इझाबेल मायर्स यांनी प्रश्नावली बेतली. मुलाशी गप्पा सुरू करायला ती चांगली. पण जो मुलगा मधोमध असतो, त्याची दोन उत्तरं बदलली की अक्षरही बदलतं. शिवाय 'तुला काय आवडतं, तू कसा वागतोस' एवढंच ती विचारते. काय जमतं, ते ती मोजतच नाही.

जमतं काय, ते अभिक्षमता चाचणी पाहते. ही घड्याळ लावून सोडवायची असते: शब्दांचं आकलन, आकडे, आकृत्यांमधला क्रम, यंत्रं कशी चालतात, कागदाची घडी मनातल्या मनात घालून कोणता आकार होईल ते. अहवालात हे गुण बहुतेकदा पर्सेंटाइलमध्ये येतात आणि घराघरांत घोळ इथेच होतो. 60 पर्सेंटाइल म्हणजे 60 टक्के गुण नव्हेत. त्याच्यासारख्या शंभर मुलांत साधारण साठ जण त्याच्या मागे आहेत, असा त्याचा अर्थ. म्हणून ती शंभर मुलं कोणती, हे विचाराच. परदेशी मुलांवर बेतलेली मानकं लावली असतील किंवा मराठी माध्यमाच्या मुलाला इंग्रजीत पेपर दिला असेल, तर शब्दांचे गुण कमी येतात आणि मुलगा उगाच 'कच्चा' ठरतो.

कोणतं काम करायला आवडेल ते विचारणाऱ्या आवडीच्या चाचणीलाही एक मर्यादा आहे, आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. मूल जे पाहिलंय त्यातूनच निवडतं. माझ्याकडे आलेल्या एका मुलीने आरोग्यक्षेत्राच्या प्रत्येक प्रश्नावर 'आवडेल' अशी खूण केली होती. बोलता बोलता कळलं, तिच्या ओळखीतली शिकलेली एकमेव बाई म्हणजे गावातली नर्स. आकृत्यांमध्ये मात्र तिला 90 च्या वर पर्सेंटाइल होते. आर्किटेक्ट काय करतो, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. त्या दिवशी चाचणीने तिला करिअर दिलं नाही, पण विचारायला एक नवा प्रश्न दिला.

आपल्या महाराष्ट्र बोर्डानेही 2016 पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कल चाचणी, म्हणजे आवडीचीच चाचणी, घेतली. त्यात शेती, ललित कला, गणवेशधारी सेवा अशी क्षेत्रं होती. कित्येक घरांत त्यानिमित्ताने सायन्स-कॉमर्सपलीकडचे शब्द पहिल्यांदा उच्चारले गेले, ते मला आवडलं होतं.

चाचणी करायचीच असेल तर पुण्यात ज्ञान प्रबोधिनीची प्रज्ञा मानस संशोधिका हा मानसशास्त्राचा विभाग आहे, ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. दुसरीकडे कुठे गेलात तर एवढंच पाहा, की अभिक्षमता, आवड आणि स्वभाव तिन्ही तपासतात का, आणि अहवाल हातात ठेवून मोकळे होण्याऐवजी मुलाशी निवांत बसून बोलतात का. बोलणं नसेल तर पैसे देऊ नका. परीक्षेच्या तोंडावर, दमलेल्या मुलाला बसवू नका.

आणि तोवर त्याला विचारा, कोणतं काम करताना त्याला जेवायची आठवण राहत नाही. जे उत्तर येईल, ते काम करणारं कुणी ओळखीचं असेल तर सुट्टीत दोन दिवस त्याला तिथे नेऊन बसवा.