कॅथेटर कमी झाले, मग संसर्गाचा दर वाढला कसा?

प्रश्न : मी मेडिसिन वॉर्डात स्टाफ नर्स आहे. गेल्या महिन्यापासून आम्ही रोज सकाळच्या राउंडला डॉक्टरांना विचारतो, ‘याचा कॅथेटर (लघवीची नळी) काढू का?’ त्यामुळे महिन्याचे कॅथेटर-दिवस, म्हणजे रोज किती रुग्णांना नळी आहे त्याची बेरीज, ४०० वरून २५० वर आले. कॅथेटरमुळे लघवीचा संसर्ग आधी ४ जणांना झाला होता, या महिन्यात ३ जणांना. तरी मीटिंगमध्ये आमचा दर वाढलेला दाखवला आणि बोलणी आम्हीच खाल्ली. आमचं चुकलं कुठे?

उत्तर : सिस्टर, तुमचं काही चुकलं नाही. मीटिंगमध्ये छेद बघायचा राहिला, एवढंच.

दर काढतात तो असा : संसर्ग भागिले कॅथेटर-दिवस, गुणिले हजार. आधीचा झाला १०, आताचा १२. वर एक रुग्ण कमी झाला, पण खाली दीडशे दिवस कमी झाले. शिवाय तुम्ही काढलेले कॅथेटर कोणाचे? ज्यांना त्याची गरज उरली नव्हती त्यांचे. मागे उरले ते जास्त आजारी, जास्त दिवस नळी लागणारे. म्हणून दराशेजारी दुसरा आकडाही मांडायचा असतो : कॅथेटर-दिवस भागिले वॉर्डातले एकूण रुग्ण-दिवस. रुग्ण-दिवस दोन्ही महिने हजार धरले, तर हा आकडा ०.४० वरून ०.२५ वर आला. तुमची खरी कमाई इथे दिसते. आणि एका महिन्यावर कोणी निकाल लावू नये. एक रुग्ण कमी असता तर तोच दर १२ ऐवजी ८ दिसला असता.

पण रजिस्टरही एकदा तपासा. मोजणी रोज ठरलेल्या एकाच वेळी होते का? रविवारी ‘उद्या भरू’ म्हणून रकाना रिकामा राहिला, तर छेद घटतो आणि दर फुगतो. उलटंही होतं. संसर्ग नियंत्रणाच्या कामात मी एकदा एका आजोबांची फाइल चाळत होते. तिन्ही शिफ्टमध्ये ‘कॅथेटर केअर दिली’वर टिक. मान वर केली तर आजोबा भिंतीला धरून स्वतःच बाथरूमकडे निघालेले! नळी परवाच काढली होती. टिक मात्र हँडओव्हरबरोबर पुढे चालत राहिली. तेव्हापासून मी फाइलवरून मोजत नाही, पलंगापाशी जाऊन युरोबॅग, म्हणजे नळीला जोडलेली लघवीची पिशवी, बघते.

घातल्याची तारीख हा दुसरा खड्डा. दिवस कॅलेंडरचे धरतात, तासांचे नाही. रात्री ११.५० ला घातला तरी तो पहिला दिवस. दहा मिनिटांनी दुसरा सुरू. संसर्ग तिसऱ्या दिवशी किंवा त्यानंतर उद्भवला तरच तो कॅथेटरच्या खात्यात जातो. कॅथेटर काढला, तर काढल्याचा दिवस आणि त्याचा दुसरा दिवस, एवढ्यापर्यंतच. ‘नळी आहे’ एवढ्याच नोंदीवरून हे ठरवणार कसं? तारीख, वेळ, घालणाऱ्याची सही आणि कारण, चारही हवीत. कारणाच्या जागी ‘डॉक्टरांच्या सांगण्यावरून’ लिहिलेलं मला चालत नाही. ‘लघवी अडली’ किंवा ‘तासागणिक लघवी मोजायची आहे’ असं लिहा, म्हणजे ते कारण संपलं की नळी काढायला हक्काने सांगता येतं.

ते ३ संसर्गही उघडून बघा. नुसत्या कल्चरवर, म्हणजे लघवीत जंतू वाढतात का या तपासणीवर, संसर्ग मोजत नाहीत. मिलिलिटरमागे किमान एक लाख जंतू हवेत, दोनपेक्षा जास्त जाती नकोत आणि सोबत ३८ अंशांच्या वर ताप किंवा ओटीपोटात दुखणं यांसारखं लक्षण हवं. नुसती कॅन्डिडा बुरशी आली तर ती यात धरत नाहीत. नमुना बॅगेतून घेतला असेल तर त्या रिपोर्टवर विसंबू नका, बॅगेत साचलेल्या लघवीत जंतू वाढत राहतात. नमुना नळीच्या पोर्टमधून (नमुना घेण्यासाठी ठेवलेल्या तोंडातून), पोर्ट पुसून, सिरिंजने घ्यायचा. पुढच्या मीटिंगला जाताना या तिघांच्या फाइली आणि सहा महिन्यांचे दोन्ही आकडे एका कागदावर घेऊन जा.