आठ महिने आत होता, आता भीती कसली?

“आठ महिने आत हाय, सगळं अंगातनं निघून गेलं असंल. आता परत नाद लागू नये, एवढंच बघा मॅडम.” सांगलीच्या खणभागातून आलेल्या एका ताईंचं, जेलात असलेल्या भावाबद्दलचं हे म्हणणं. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) भाऊ द्राक्षांच्या गाडीवर ड्रायव्हर. वाशी मार्केटच्या फेऱ्यांत गर्दाची (ब्राउन शुगर, म्हणजे हेरॉइनची) सवय लागली आणि दिवसाला पाच पुड्यांवर गेली. जामीन दोन-चार दिवसांत होईल, असं वकील म्हणत होते.

घरोघरी काळजी हीच असते: परत घेईल का? घेऊ शकतो. पण पहिल्यांदा घेईल तेव्हा किती घेईल, हे जास्त महत्त्वाचं. आत टर्की (नशा तुटल्यावरचा त्रास) सोसून झाली की काही आठवड्यांतच शरीराची सवय उतरते. डोक्यातला हिशेब मात्र पाच पुड्यांचाच राहतो. गर्द श्वास मंदावतं. पूर्वी ज्या पुडीनं जेमतेम टर्की थांबायची, तीच आता श्वास थांबवू शकते. म्हणून सुटकेनंतरचे पहिले दोन आठवडे सर्वांत घातक. त्यात दारू किंवा झोपेची गोळी असली तर धोका कैक पटींनी वाढतो.

म्हणून तयारी सुटकेच्या आधीच करायची. जामिनाची कागदं पोचून माणूस बाहेर यायला बहुतेकदा संध्याकाळ होते. गणेशदुर्गातल्या जेलच्या दारापासून एसटी स्टँड फार लांब नाही, आणि घरचं कुणी न्यायला नसेल तर जुना दोस्त हमखास असतो. ताईंनी स्वतः जायचं ठरलं. भावाशी जेलमधल्या मुलाखतीतच स्पष्ट बोलायचंही ठरलं: “घेऊ नकोस. पण घेतलंसच तर एकटा घेऊ नकोस, कडी लावू नकोस, जुन्या मापानं घेऊ नकोस.” “असं बोललं तर परवानगी दिल्यासारखं व्हतंय की,” त्या म्हणाल्या. तसं होत नाही. लपूनछपून, दार लावून घेणाराच मरतो.

दुसरी गोष्ट नॅलोक्सोन, म्हणजे गर्दाचा असर उतरवून श्वास परत आणणारं औषध. 0.4 मिलिग्रॅमची ॲम्प्युल (काचेची बंद कुपी) डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळते. प्रत्येक मेडिकलात नसते, म्हणून आधीच मागवून ठेवायची. डॉक्टरांकडे पाण्याच्या ॲम्प्युलवर सराव झाला. पहिली ताईंच्या हातात चुरली. मानेभोवती कापूस धरून मागे मोडल्यावर दुसरी नीट तुटली. इंजेक्शन मांडीच्या बाहेरच्या बाजूला, गरज पडली तर कपड्यावरूनही.

ओळखायचं कसं? हलवून, हाका मारून जाग येत नाही, ओठ-नखं निळसर, बुबुळं टाचणीच्या टोकाएवढी, श्वास अगदी सावकाश किंवा घरघर. “दमून घोरतोय, झोपू दे” ही चूक इथेच होते. 108 लावायचा, दर पाच सेकंदांना एक असा तोंडाने श्वास द्यायचा, इंजेक्शन द्यायचं. दोन-तीन मिनिटांत श्वास सुधारला नाही तर दुसरी ॲम्प्युल. श्वास चालू झाला की कुशीवर वळवायचं. मिठाचं पाणी, लिंबू, डोक्यावर बादली यांत फक्त वेळ जातो. शुद्धीवर आला तरी दवाखाना टाळायचा नाही: नॅलोक्सोन अर्ध्या ते दीड तासात उतरतं, गर्द त्यानंतरही अंगात असू शकतं. एमडीवर (मेफेड्रोन ही वेगळी नशा) मात्र नॅलोक्सोनचा उपयोग नाही.

“पण पोलीस?” एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याचं कलम 64-अ स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला सेवन आणि अल्प प्रमाणाच्या खटल्यापासून संरक्षण देतं, भावाच्या चालू खटल्यात ते लागू होतं का, हे वकिलांना विचारायचं. 108 लावायला मात्र कुणाला विचारत बसायचं नाही.

खरा आधार जिभेखाली ठेवायच्या ब्युप्रेनॉर्फिनचा, म्हणजे गर्दाची तलफ आणि टर्की आवरणाऱ्या गोळीचा. दिल्लीच्या तिहारमध्ये 2008 पासून तो आतच मिळू लागला. आत सुरू झाला नसेल तर बाहेर आल्याच्या दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं. सवय उतरलेल्याला डोस कमीपासूनच. चौकशीला 14446 हा मोफत नंबर आहे.

सुटका झाली तेव्हा सात वाजले होते. ताई चारपासून दारात होत्या. देवघराच्या कपाटात आतून त्यांनी खडूनं लिहून ठेवलं होतं: 108, मांडी, कुशी.