"तुम्ही गेलात की ब्रूनो सुरू होतो!"

प्रश्न : आम्ही पाथर्डी फाट्याजवळ दुसऱ्या मजल्यावर राहतो. ब्रूनो हा आमचा तीन वर्षांचा लॅब्रेडॉर. मी आणि मिस्टर दोघंही अंबडला नोकरीला, साडेआठला निघतो ते सहाला परत. ब्रूनोला बाल्कनीत मोकळं ठेवतो, खाणं-पाणी भरून. खालचे काका म्हणतात, दिवसभर भुंकतो. आमच्यासमोर तर अगदी गरीब असतो! आता सोसायटीने 'कुत्रा काढा' अशी नोटीस दिली आहे. काय करावं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, काका खोटं बोलत नाहीत. तुमच्यासमोर गरीब असतो, यातच सगळी मेख आहे.

आधी जुना मोबाइल रेकॉर्डिंगला लावून निघा. दार लागल्यावर थोड्याच वेळात भुंकणं, येरझाऱ्या, दाराला नखं मारणं सुरू झालं, तर त्याला एकटेपणाची धास्ती आहे. मध्ये मध्ये शांत आणि घंटागाडी आली की सुरू, असं असेल तर तो राखण करतोय. माझा संशय बाल्कनीवर. तिथून त्याला घंटागाडी, पार्सलवाला, कंपाउंडवरची मांजर, सगळं दिसतं. तो भुंकतो, पार्सलवाला निघून जातो. ब्रूनोच्या हिशेबी त्यानेच त्याला पळवलं! रोज यश मिळणारं काम कोण सोडेल?

म्हणून बाल्कनी बंद. आत ठेवा, खिडकीच्या खालच्या काचांना कागद चिकटवा, रेडिओ हळू आवाजात चालू ठेवा. सकाळी खाली नेऊन शी-शू उरकणं म्हणजे फिरवणं नव्हे. पाऊण तास तरी न्या आणि हुंगू द्या. नाकाला काम मिळालं की लॅब्रेडॉर छान दमतो. निघताना अर्धं खाणं जुन्या टॉवेलच्या गुंडाळीत लपवा, शोधत बसेल. द्राक्षं मात्र अजिबात नकोत, मनुकेही नकोत. सीझनमध्ये आपल्याकडे जो-तो प्रेमाने घड पुढे करतो, पण त्याने कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते.

रेकॉर्डिंगमध्ये एकटेपणाची धास्ती दिसली तर काम चिकाटीचं. किल्ल्या उचला, चपला घाला आणि परत सोफ्यावर बसा. त्याने लक्ष देणं सोडलं की मग दाराबाहेर अर्धा मिनिट, मग दोन. आठवडे लागतात. स्वतःला इजा करून घेत असेल तर डॉक्टरांना दाखवा, यावर औषधं आहेत. ओरडू नका, त्याला वाटतं तुम्हीही भुंकताय. शॉकचा पट्टा आणून भीतीत भर घालू नका. न फिरवता कायम साखळीला बांधून ठेवणं तर प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या 1960 च्या कायद्यात क्रूरतेत मोडतं.

राहिली नोटीस. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला बहुमतानेही पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही. पण हा कागद काकांच्या तोंडावर फेकू नका. दिवसभर घरी असणारे तेच एक साक्षीदार आहेत. खाली जा, त्यांचा नंबर घ्या, भुंकण्याच्या वेळा कळवायला सांगा. दुपारी ते कधी आडवे होतात, तेही विचारा आणि नेमक्या त्या वेळी ब्रूनोला फिरवून आणायला बिल्डिंगमधला एखादा कॉलेजचा मुलगा ठरवा.

सोसायटीच्या मीटिंगला महापालिकेचा परवाना आणि यंदाची रेबीजची लस टोचल्याची नोंद असलेलं पुस्तक घेऊन जा. परवाना काढला नसेल तर मीटिंगच्या आधी काढा.