वाचकांचे प्रश्न : ओव्हन फिरतो, पण दूध गारच

प्रश्न : आमचा मायक्रोवेव्ह सुरू केला की दिवा लागतो, थाळी फिरते, पंखा चालतो, वेळही उलटी मोजत शून्यावर येते. दूध मात्र ठेवलं तसंच गार निघतं. मेकॅनिकनं फोनवरच सांगितलं, ‘मॅग्नेट्रॉन गेला, बदलावा लागेल.’ खरंच तोच गेला असेल का? (सांगली)

उत्तर : ओव्हन उघडून तपासल्याशिवाय हे कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. मॅग्नेट्रॉन, म्हणजे अन्न तापवणाऱ्या लहरी सोडणारा भाग, हा ओव्हनमधला सर्वांत महागड्या भागांपैकी एक. नुसत्या अंदाजावर तो बदलू देऊ नका.

दिवा, थाळीची मोटर आणि पंखा थेट २३० व्होल्टवर चालतात. अन्न तापवणारी यंत्रणा वेगळी असते. तिथे एक मोठा ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचे साधारण २००० व्होल्ट करतो. कपॅसिटर (चार्ज साठवणारा भाग) आणि डायोड (वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग) मिळून ते दुप्पट, म्हणजे ४००० व्होल्टच्या आसपास नेतात, आणि त्यावर मॅग्नेट्रॉन २४५० मेगाहर्ट्झच्या लहरी सोडतो. या साखळीतली एखादी कडी तुटली तरी बाकी सगळं अगदी व्यवस्थित चालताना दिसतं.

आधी दोन साध्या गोष्टी पाहून घ्या. पॉवर १० किंवा २० टक्क्यांवर राहिली नाही ना? आणि दुकानात दाखवण्यासाठी असतो तो ‘डेमो’ मोड चुकून सुरू झालेला नाही ना? काही मॉडेलमध्ये तो असतो. त्यात सगळं चालतं, फक्त लहरी निघत नाहीत. तो बंद कसा करायचा ते माहितीपुस्तिकेत दिलेलं असतं.

मग पाण्याची चाचणी घ्या. काचेच्या भांड्यात बरोबर १ लिटर पाणी घ्या, थर्मामीटरनं तापमान मोजा, पूर्ण पॉवरवर ६० सेकंद चालवा, पाणी ढवळा आणि पुन्हा मोजा. जितके अंश वाढले त्याला ७० नं गुणलं की ओव्हन पाण्याला किती वॅट देतो ते कळतं. १० अंश वाढले तर ७०० वॅट. ८०० वॅटच्या ओव्हनमध्ये ही वाढ जेमतेम ४–५ अंश असेल, तर मॅग्नेट्रॉन थकला असावा किंवा घरात व्होल्टेज कमी येत असावं. वाढ शून्य असेल तर साखळी कुठेतरी तुटली आहे.

कुठे तुटली याचा अंदाज घराच्या वीजमीटरवरून येतो. घरातलं बाकी सगळं बंद करा, फ्रिजसुद्धा. पाण्याचं भांडं आत ठेवून ओव्हन लावा आणि मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा बघा. एका युनिटला दिवा किती वेळा लुकलुकतो तो आकडा मीटरवर छापलेला असतो, बऱ्याच मीटरवर ३२००. अशा मीटरवर १२०० वॅट ओढणाऱ्या ओव्हनला दिवा सेकंदाला साधारण एकदा लुकलुकतो. नुसता दिवा, पंखा आणि थाळी चालत असेल तर वीस-बावीस सेकंदांनी एकदा.

आवाजही ऐका. चांगला ओव्हन तापवायला लागला की पंख्याच्या आवाजाखाली खोल ‘घूंऽऽ’ सुरू होतं. ते अजिबातच नसेल आणि मीटरही संथ असेल, तर बहुधा ट्रान्सफॉर्मरपर्यंत वीज पोहोचतच नाही. कारण दाराचा मायक्रोस्विच (दार लागल्यावर दाबला जाणारा छोटा स्विच), बोर्डवरचा रिले (विजेवर चालणारा स्विच) किंवा तापमानाचा कटआउट (फार तापल्यावर वीज तोडणारा भाग) असू शकतं. कोकणात, किनाऱ्यालगत मायक्रोस्विचचे आणि रिलेचे पॉइंट दमट हवेत खराब होतात, त्यामुळे तिथे पहिला संशय यांच्यावर घ्यावा. याउलट घुमणं नेहमीपेक्षा मोठं, जड आणि कण्हल्यासारखं असेल, तर डायोड, कपॅसिटर किंवा मॅग्नेट्रॉन शॉर्ट झालेला असतो. अशा वेळी ओव्हन पुन्हा पुन्हा लावून बघू नका, ट्रान्सफॉर्मरही जळेल.

तुमच्या मेकॅनिकला एकच सांगा : मॅग्नेट्रॉनचे दोन पिन सैल किंवा काळे पडलेत का ते आधी बघा. या पिनांमधून मॅग्नेट्रॉनच्या आतल्या तापणाऱ्या तारेला, म्हणजे फिलॅमेंटला, वीज मिळते. तिथे व्होल्टेज अवघं सव्वातीन असतं, पण करंट १० अँपिअरच्या घरात. पिनवर बसणारी क्लिप जराशी सैल झाली की तापते, काळी पडते आणि मॅग्नेट्रॉन गप्प बसतो. अशी क्लिप बदलून ओव्हन सुरू होतो.

प्रश्न : मी आयटीआयचा विद्यार्थी. मायक्रोवेव्हचा डायोड मल्टिमीटरवर दोन्ही बाजूंनी ‘ओपन’, म्हणजे वीज जातच नाही असं, दाखवतो. खराब धरायचा का? (नाशिक)

उत्तर : नाही. या डायोडमध्ये अनेक जंक्शन एकामागे एक जोडलेली असतात. मल्टिमीटरच्या डायोड रेंजचं व्होल्टेज त्याला पुरत नाही, म्हणून चांगला डायोडही ओपन दिसतो. डायोड सर्किटमधून सोडवून घ्या. ९ व्होल्टची बॅटरी, डायोड आणि डीसी व्होल्टवर ठेवलेलं मीटर एका माळेत जोडा. एका बाजूनं नऊपेक्षा कमी पण स्पष्ट आकडा, उलटा जोडल्यावर जवळपास शून्य, तर डायोड ठीक. दोन्हीकडे पूर्ण नऊ आले तर शॉर्ट. दोन्हीकडे शून्य आलं तर खरोखर ओपन.

मॅग्नेट्रॉनच्या दोन पिनांमध्ये एक ओहमपेक्षा कमी रेझिस्टन्स हवा, आणि कुठल्याही पिनपासून बॉडीपर्यंत मीटरनं पूर्ण ‘ओपन’ दाखवायला हवं. मात्र ही तपासणी पास झाली म्हणून मॅग्नेट्रॉन चांगलाच असं नाही, नापास झाली तर खराब हे नक्की.

हे सगळं प्लग काढून आणि कपॅसिटर डिस्चार्ज करूनच. कपॅसिटरमध्ये १० मेगाओहमचा रेझिस्टर असतो, तो चार्ज उतरवतो. पण तोच तुटला असेल तर प्लग काढल्यावरही चार्ज बराच वेळ तसाच राहतो. पाच मिनिटं थांबा, मग सरांच्या देखरेखीखाली, एक हात पाठीमागे ठेवून, पूर्ण इन्सुलेटेड स्क्रू-ड्रायव्हरनं दोन्ही टर्मिनल एकमेकांना आणि मग बॉडीला टेकवा. चालू ओव्हनमध्ये हाय व्होल्टेज मोजायला मल्टिमीटर कधीही लावू नका. तो त्यासाठी बनलेलाच नाही, आणि या ट्रान्सफॉर्मरचा शॉक जीवघेणा असतो. घरी कव्हर उघडू पाहणाऱ्या प्रत्येक वाचकाला आमची हात जोडून विनंती : उघडू नका.

प्रश्न : कन्व्हेक्शनवर केक छान होतो, मायक्रोवेव्हवर भात गार राहतो. असं कसं? (पणजी)

उत्तर : कन्व्हेक्शनला, म्हणजे गरम हवेवर भाजण्याला, वेगळी तापणारी कॉइल आणि वेगळा रिले असतो. तुमची मायक्रोवेव्हची बाजू बंद आहे, दोष वर सांगितलेल्या साखळीत शोधावा. इन्व्हर्टर तंत्राचा ओव्हन असेल तर मोठ्या ट्रान्सफॉर्मरऐवजी बोर्डच हाय व्होल्टेज बनवतो. तो बोर्ड कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्येच दाखवा.

प्रश्न : मेकॅनिकनं दाराचा एक स्विच डायरेक्ट करून दिला. आता ओव्हन तापवतो. चालेल ना? (लातूर)

उत्तर : नाही. दाराला सहसा तीन स्विच असतात. दोन दार उघडताच वीज तोडतात. त्यातला एखादा चिकटला तर तिसरा मुद्दाम शॉर्ट करून फ्यूज उडवतो, म्हणजे दार उघडं असताना लहरी बाहेर येऊ नयेत. या तिघांपैकी कुठलाही डायरेक्ट केला की ते संरक्षण संपतं, आणि ओट्याशी उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांना धोका होतो. स्विच स्वस्त असतो आणि सहज मिळतो. तो बदलून दार उघडताच ओव्हन बंद होतो याची खात्री करून घ्या, तोवर प्लग काढून ठेवा.