‘कालबद्ध’ चाचणी की ‘कालसापेक्ष’?

सॉफ्टवेअर तपासण्यातल्या ‘टाइम-डिपेंडंट टेस्ट एन्व्हायर्नमेंट-इंडिपेंडंट करणे’ याला ‘कालबद्ध चाचणी पर्यावरणापासून स्वतंत्र करणे’ म्हणता येईल का, असा प्रश्न आहे. तिन्ही शब्द अडतात.

कालबद्ध म्हणजे मुदत असलेले. 2 सेकंदांत उत्तर आले नाही तर नापास, अशी टाइमआउटवाली चाचणी कालबद्ध. इथली चाचणी ‘आत्ता किती वाजले’ यावर पास-नापास होते, ती कालसापेक्ष. ही गल्लत महागात पडते, कारण कालसापेक्ष चाचणीची मुदत कितीही वाढवली तरी ती सुधारत नाही.

समजा, सभासदत्व आज संपते का हे पाहणारे फंक्शन आतच यंत्राचे घड्याळ वाचते. अपेक्षित तारीख यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) 5 तास 30 मिनिटे पुढच्या कालक्षेत्रातली, सर्व्हर मात्र यूटीसीवर. त्या कालक्षेत्रात मध्यरात्रीपासून पहाटे 5:30 पर्यंत सर्व्हरवर कालचीच तारीख असते. चाचणी तेवढा वेळ पडते, सकाळी पाहावे तर पास! उपाय म्हणजे घड्याळ बाहेरून पुरवणे. जावा या प्रोग्रामिंग भाषेत आवृत्ती 8 पासून त्यासाठी ‘क्लॉक’ हा क्लास आहे, एकाच क्षणावर थांबलेले घड्याळ देणाऱ्या ‘क्लॉक.फिक्स्ड’ला क्षण आणि कालक्षेत्र दोन्ही द्यावे लागतात.

म्हणूनच ‘कालनिरपेक्ष चाचणी’ हेही चूक. काळाची अपेक्षा राहतेच, यंत्राच्या घड्याळाची उरत नाही. (इथे ‘अपेक्षा’ म्हणजे आशा नव्हे, गरज, अवलंबन हा संस्कृतातला अर्थ या जोडशब्दांत टिकला आहे.)

‘पर्यावरण’ म्हटले की झाडे-नद्या आठवतात. ‘एन्व्हायर्नमेंट’ तसाच ठेवावा, किंवा नेमके काय ते सांगावे: घड्याळ, कालक्षेत्र, लोकेल (भाषा-प्रदेशानुसार तारीख-वेळ लिहिण्याची पद्धत). लोकेल हमखास विसरले जाते. जेडीके (जावाचा विकाससंच) 20 मध्ये इंग्रजी वेळेतल्या ‘एएम-पीएम’आधीची साधी स्पेस बदलून अरुंद, न तुटणारी स्पेस आली. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण स्ट्रिंगची (अक्षरांच्या मालिकेची) तुलना फसते.

‘स्वतंत्र चाचणी’ हा शब्द आधीच गुंतलेला आहे: दुसऱ्या चाचणीच्या क्रमावर न विसंबणारी. इथे ‘एन्व्हायर्नमेंट-निरपेक्ष’च बरा.

‘घड्याळ गोठवणे’ हा रूढ होत असलेला प्रयोग मला आवडतो, पण तो सरसकट वापरू नये. ठरावीक वेळ होईपर्यंत फिरणारे लूप गोठलेल्या घड्याळावर कधीच थांबणार नाही. तिथे चाचणीने स्वतः पुढे ढकलायचे घड्याळ लागते. त्याला ‘सरकते घड्याळ’ म्हणावे.